हीटर असलेला एअर कर्टन: दिवसभर व्यवस्थित चालतो, सकाळी मात्र गार हवा देतो

सांगलीकर_शिमल्यात

नमस्कार. मी शिमल्यातील एका हॉटेलात देखभालीचे काम पाहतो. मुख्य दाराच्या आतल्या बाजूस, चौकटीच्या वर, दोन एअर कर्टन (दारातून खाली हवेचा पडदा सोडणारी यंत्रे) शेजारी शेजारी बसवलेले आहेत. प्रत्येकाची लांबी दीड मीटर असून हीटर ९ किलोवॉटचा व पुरवठा तीन फेजचा आहे. हीटर अर्धा आणि पूर्ण अशा दोन टप्प्यांत चालतो, पंख्याला तीन वेग आहेत आणि दोन्ही यंत्रांसाठी भिंतीवर एकच कंट्रोल पॅनेल आहे. आपल्याकडे सांगली-पुण्यात दुकानांच्या दारावर जे कर्टन दिसतात ते एसीची हवा आत राखण्यासाठी आणि धूळ-माशा अडवण्यासाठी असतात, त्यांत हीटर नसतो. त्यामुळे या प्रकाराशी माझा संबंध इथे आल्यावरच आला. स्थानिक ठेकेदाराच्या उत्तराने समाधान झाले नाही, म्हणून येथे विचारत आहे.

उजवीकडच्या यंत्राची तक्रार अशी आहे. सकाळी सहा वाजता यंत्र सुरू होते तेव्हा पंखा नेहमीच्या वेगाने फिरतो, पॅनेलवर हीटरच्या दोन्ही टप्प्यांचे दिवे लागतात, पण हवा गारच येते. मेन बंद करून झाकण उघडले की कटआउटचे (यंत्र अति तापल्यास हीटर तोडणाऱ्या सुरक्षा-स्विचचे) लाल रिसेट बटण बाहेर आलेले सापडते. ते दाबून, झाकण लावून पुन्हा सुरू केले की कॉन्टॅक्टर (हीटरचा पुरवठा जोडणारे विजेवर चालणारे स्विच) ओढले जातात, पाच मिनिटांत गरम हवा येऊ लागते आणि मग रात्रीपर्यंत यंत्र एकदाही ट्रिप होत नाही. बाहेर बर्फ पडत असो, दार सतत उघडत असो किंवा हीटर तासन्‌तास पूर्ण टप्प्यावर असो, काहीही फरक पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच प्रकार. हवा आत घेणारी जाळी साफ करून झाली आहे. पंख्याचा कपॅसिटर तपासला, तो छापील मूल्याच्या मर्यादेत आहे. ठेकेदाराने कटआउटही बदलून पाहिला, उपयोग झाला नाही. आता तो म्हणतो की याहून जास्त तापमानाचा कटआउट टाकू, म्हणजे कटकट मिटेल.

डावीकडचे यंत्र याच्या अगदी उलट आहे. ते कधीच ट्रिप होत नाही, पण त्याची हवा नेहमी कोमट असते. पूर्ण टप्प्यावर ठेवले तरी ती उजव्या यंत्राच्या अर्ध्या टप्प्याइतकीच गरम लागते. त्यावर ठेकेदाराचे उत्तर असे की डोंगरात व्होल्टेज कमीच असते. या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध असेल असे मला वाटत नाही, तरी दोन्ही लिहून ठेवतो.

मँचेस्टरवासी

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये इमारतींच्या यंत्रणांची देखभाल करतो. इथे मोठ्या दुकानांच्या दारावर हीटर असलेला कर्टन ही रोजचीच गोष्ट आहे. यंत्र दिवसभर ट्रिप होत नाही हे आपण स्पष्ट लिहिले, ते फार बरे केले. जाळी तुंबल्यामुळे किंवा पंखा मंदावल्यामुळे हवेचा प्रवाह कमी पडत असता, तर पूर्ण टप्प्यावर तासभर चालल्यावर, म्हणजे दुपारी केव्हातरी कटआउट उडाला असता. रात्रभर गार पडलेले यंत्र सकाळी सुरू होताच अतितापाने ट्रिप होईल हे शक्य नाही. याचा अर्थ कटआउट सकाळी उडत नाही, तो आदल्या रात्री यंत्र बंद झाल्यानंतर उडतो आणि आपल्या लक्षात मात्र सकाळी येतो. म्हणून माझा पहिला प्रश्न असा: रात्री हे यंत्र बंद कोण करतो आणि कोठून करतो?

कारण सांगतो. या यंत्रांतील एलिमेंट बहुधा धातूच्या नळीचा असतो. नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड घट्ट ठासलेली असते, मधोमध तापणारी तार असते आणि बाहेरून पत्र्याचे पंख असतात. एवढ्या धातूत बरीच उष्णता साठते. पंखा चालू असतो तोवर ती हवेबरोबर निघून जाते. हीटर आणि पंखा एकाच क्षणी बंद पडले, तर तीच उष्णता हळूहळू वर चढते. दारावरचा कर्टन हवा खाली फेकतो, म्हणून त्यात पुष्कळदा पंखा वर आणि एलिमेंट त्याच्या खाली असतो. वर चढणारी उष्णता नेमकी ज्या कप्प्यात कटआउट, वायरिंग आणि पंख्याची मोटर आहे तिथे जाते. चालत्या यंत्रात त्या कप्प्यातून सतत गार हवा जात असते, त्यामुळे दिवसा तिथले तापमान कधी वाढतच नाही.

यासाठी उत्पादकाने सोय केलेली असते. भिंतीवरच्या पॅनेलवरून यंत्र बंद केले की आधी हीटर सुटतो आणि पंखा आणखी काही मिनिटे, किंवा आतला थर्मोस्टॅट निवेपर्यंत, चालत राहतो. पण ही सोय यंत्राचा पुरवठा शाबूत असेल तरच चालते. रात्रपाळीच्या माणसाने मेन खाली ओढला, किंवा कोणी पुरवठ्यावरच टायमर बसवला, की पंखाही त्याच क्षणी थांबतो.

तपासणी सोपी आहे. एका रात्री यंत्र पॅनेलवरून बंद करावे आणि पंखा पुढे चालू राहतो का ते पाहावे. तो आपण होऊन थांबल्यावरच मेन बंद होऊ द्यावा. सकाळी रिसेट बटण जागेवर असेल, तर कारण सापडले. पॅनेलवरून बंद केल्यावरही पंखा तत्काळ थांबत असेल, तर मात्र निवण्याचा थर्मोस्टॅट किंवा कंट्रोल बोर्डावरचा पंख्याचा रिले तपासावा लागेल.

लडाखी_पाहुणा

वरील उत्तर पटते, पण एक मुद्दा राहिला. शिमला सुमारे २२०० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने विरळ, साधारण चार-पंचमांश घनतेची असते. पंखा तेवढीच घनमीटर हवा ढकलतो, पण तिचे वजन कमी भरते आणि एलिमेंट जास्त तापतो. यंत्रे मैदानी प्रदेश गृहीत धरून बनवलेली असतात. त्यामुळे थोडा वरच्या तापमानाचा कटआउट बसवण्यात मला तरी गैर दिसत नाही.

पॅनेल_भोसरी

उंचीचा हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष मात्र उलटा आहे. हवेच्या तापमानात किती वाढ होते ते मोजण्याची कामचलाऊ रीत अशी: किलोवॉटला ३००० ने गुणायचे आणि ताशी घनमीटरने भागायचे. ९ किलोवॉट आणि ताशी १५०० घनमीटर हवा धरली तर समुद्रसपाटीला १८ अंशांची वाढ येते आणि शिमल्याच्या हवेत ती साडेबावीसच्या आसपास जाते. म्हणजे तिथे एलिमेंटच्या आसपासचे सगळेच भाग आधीच जास्त तापतात आणि सुरक्षिततेला मुळात कमी जागा उरते. अशा वेळी पूर्ण टप्प्यावर पंखा सर्वांत कमी वेगाने चालवू नये, हा उपाय झाला. कटआउटचा आकडा वाढवणे म्हणजे उरलीसुरली जागाही देऊन टाकणे होय. कटआउटच्या मागे वायरींचे इन्सुलेशन, मोटरचे वाइंडिंग, प्लास्टिकचे कनेक्टर आणि जाळीतून आत गेलेली लोकर-धूळ असते, आणि त्यांतील एकाही गोष्टीची सहनशक्ती आपण वाढवलेली नसते. ठेकेदाराने आता बसवलेला कटआउट मूळच्याच तापमानाचा आहे ना, हेही त्यावरचा छाप वाचून खात्री करून घ्यावे.

आता डाव्या यंत्राकडे वळतो, कारण माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. व्होल्टेज कमी हे कारण मला पटत नाही. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून व्होल्टेज १० टक्के पडले तर शक्ती १९ टक्के पडते, हे खरे. पण शक्ती निम्मी होण्यासाठी २४० चे १७० व्होल्ट व्हावे लागतील आणि तेवढ्यावर आपल्या हॉटेलातले पंप आणि लिफ्ट आधी बोंब मारतील. शिवाय शेजारचे यंत्र त्याच पुरवठ्यावर नीट गरम हवा देत आहे.

९ किलोवॉट म्हणजे दर फेजला ३ किलोवॉट. २४० व्होल्टवर ते साडेबारा अँपिअर होतात. दोन टप्पे असल्यामुळे प्रत्येक टप्प्यावर त्याच्या निम्मे. उष्णता निम्मी होण्याची दोन सरळ कारणे संभवतात. दुसऱ्या टप्प्याचा कॉन्टॅक्टर ओढला जात नसेल, तर तीनही फेजवर सारखाच, सव्वासहा अँपिअर प्रवाह मिळेल. एक फेज तुटली असेल, तर दोन फेजवर पावणेअकराच्या आसपास आणि तिसरीवर शून्य मिळेल. स्टार जोडणीचा (तीन एलिमेंटची एकेक टोके एकत्र जोडलेली असतात तो) मधला बिंदू न्यूट्रलला जोडलेला नसेल, तर एक फेज गेल्यावर उरलेले दोन एलिमेंट एकामागे एक असे ४१५ व्होल्टवर येतात आणि एकूण शक्ती नेमकी निम्मी, साडेचार किलोवॉट होते. मधला बिंदू न्यूट्रलला जोडलेला असेल तर ती दोन-तृतीयांश राहते. हाताला दोन्ही दोष सारखेच कोमट लागतात, पण क्लॅम्प मीटरला (तारेभोवती धरून प्रवाह मोजणाऱ्या मीटरला) ते ताबडतोब वेगळे दिसतात. आपला पंखा चालतो आहे, म्हणजे ज्या फेजवर पंखा आणि कंट्रोल आहेत ती फेज नक्की शाबूत आहे.

चालू यंत्राचे हे मोजमाप लायसन्सधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि शिडी खाली कोणीतरी धरलेली असावी. हे यंत्र दाराच्या वर असते, खालून पाहुण्यांची ये-जा असते, म्हणून मुद्दाम लिहिले.

सांगलीकर_शिमल्यात

सर्वांचे मनापासून आभार. मोजमापे करून घेतली आहेत, ती क्रमाने लिहितो.

रात्रीच्या बंद होण्याबद्दल मँचेस्टरवासी यांचा अंदाज बरोबर निघाला. वीजबिल कमी करण्यासाठी व्यवस्थापनाने मेन पॅनेलमध्ये टायमर बसवून घेतला आहे. तो दोन्ही कर्टनच्या पुरवठ्याचा मोठा कॉन्टॅक्टर रात्री अकराला सोडतो आणि सकाळी सहाला ओढतो. भिंतीवरच्या पॅनेलला त्यामुळे कोणी हातच लावत नाही. सुचवल्याप्रमाणे अकराच्या आधी यंत्र भिंतीवरून बंद करून पाहिले. हीटर सुटल्यावर पंखा चालूच राहिला आणि काही मिनिटांनी आपण होऊन थांबला. सकाळी उजव्या यंत्राचे बटण जागेवर होते आणि गरम हवा पहिल्या झटक्यात आली. त्यानंतर टायमरवर सोडून पाहिले, तर सकाळी बटण पुन्हा बाहेर.

डाव्या यंत्रावर पूर्ण टप्प्यात मोजलेला प्रवाह असा: आर फेज सुमारे ११, वाय फेज शून्य, बी फेज १०.३ अँपिअर. उजव्या यंत्रावर तीनही फेज १२ च्या जवळपास आहेत. म्हणून वाय फेज तपासत मागे गेलो. यंत्राशेजारच्या आयसोलेटरच्या (पुरवठा हाताने तोडण्याच्या स्विचच्या) वरच्या बाजूला न्यूट्रलच्या संदर्भाने तीनही फेजवर २२८ व्होल्ट मिळतात. खालच्या बाजूला आर आणि बी वर २२८ आहेत, पण वाय वर ११४ दाखवतो. इथे मी अडलो. फेज तुटली असेल तर शून्य दिसायला हवे, आणि तुटली नसेल तर २२८. हे मधलेच ११४ कोठून आले? वायरमनचे म्हणणे असे की अर्धे व्होल्टेज येत आहे, म्हणजे मागून केबलच खराब आहे.

पॅनेल_भोसरी

केबलला हात लावू नका, ती निर्दोष आहे. ११४ हा आकडा २२८ च्या नेमका निम्मा आहे, हे पाहावे. आयसोलेटरमधला वायचा पोल उघडा पडला आहे आणि त्याच्या खालचे टोक पुरवठ्याशी नव्हे, तर एलिमेंटमधून स्टारच्या मधल्या बिंदूशी जोडलेले राहिले आहे. आर आणि बी या दोनच फेज उरल्यामुळे तो मधला बिंदू न्यूट्रलपाशी न राहता त्या दोघींच्या मध्यावर सरकतो, आणि तो मध्य न्यूट्रलपासून फेज व्होल्टेजच्या बरोबर अर्ध्यावर असतो. वायच्या एलिमेंटमधून प्रवाहच वाहत नसल्याने त्यात व्होल्टेज पडत नाही आणि मीटरला मध्यबिंदूचेच ११४ दिसतात. खात्री करायची असेल तर मीटरचे एक टोक वायच्या वर आणि दुसरे वायच्या खाली लावावे. शाबूत पोलवर जवळजवळ शून्य मिळते, तर इथे २२८ अधिक ११४ म्हणजे सुमारे ३४२ व्होल्ट मिळतील. हा आकडा पाहून दचकू नये, मात्र मीटरच्या पिना आणि हातमोजे त्या लायकीचे असावेत.

आयसोलेटर उघडल्यावर वायच्या टोकाशी लग (केबलच्या टोकावर दाबून बसवलेला धातूचा तुकडा) काळवंडलेला किंवा स्क्रू सैल सापडण्याची शक्यता मोठी आहे. नुसता स्क्रू आवळून भागवू नये. तापून मऊ पडलेल्या संपर्कपट्टीचा दाब परत येत नाही, त्यामुळे पूर्ण आयसोलेटर बदलावा, केबलचे जळके टोक कापून नवा लग दाबून घ्यावा आणि पुरेसा भार पडल्यावर तो पुन्हा एकदा तापमान पाहून तपासावा.

मँचेस्टरवासी

आता आपल्या दोन तक्रारींचा संबंधही उघड झाला. डावे यंत्र ट्रिप होत नव्हते याचे कारण ते चांगले आहे हे नसून ते निम्म्या शक्तीवर चालत होते हे आहे. टायमर दोघांचाही पुरवठा एकाच वेळी तोडत होता, पण डाव्याच्या एलिमेंटमध्ये कटआउट उडवण्याइतकी उष्णता साठतच नव्हती. म्हणून आयसोलेटर बदलण्याआधी टायमरची जोडणी बदलून घ्या. नाहीतर दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही यंत्रे गार हवा देतील आणि दुरुस्ती करणाऱ्यावर विनाकारण ठपका येईल.

सांगलीकर_शिमल्यात

हे माझ्या ध्यानातच आले नसते. आता टायमर नेमका कोठे जोडावा, हे कृपया सांगावे. व्यवस्थापन टायमर काढू देणार नाही, आणि यंत्रे रात्रभर पुरवठ्यावर ठेवली तर बिल वाढेल अशी त्यांची शंका आहे.

पॅनेल_भोसरी

टायमर काढायचा नाही, फक्त त्याची जागा बदलायची आहे. मुख्य यंत्राच्या, म्हणजे भिंतीवरचे पॅनेल ज्याला जोडलेले आहे त्याच्या, कंट्रोल बोर्डावर बाहेरून चालू-बंद करण्यासाठी दोन टर्मिनल आहेत का ते माहितीपुस्तिकेतील आकृतीत पाहा. इमारतीच्या नियंत्रण प्रणालीसाठी किंवा दाराच्या स्विचसाठी ती दिलेली असतात. असतील तर टायमरचा कोरडा संपर्क, म्हणजे ज्यावर स्वतःचे कोणतेही व्होल्टेज नाही असा, दोन तारांनी तिथे आणावा. मोठा कॉन्टॅक्टर मग कायम ओढलेला राहील आणि अकरा वाजता टायमर फक्त 'बंद हो' एवढे सांगेल. पुढे हीटर आधी सोडायचा आणि पंखा नंतर थांबवायचा, हे यंत्र आपले आपण करील. एक खबरदारी मात्र घ्यावी. सध्या तुमच्या टायमरच्या संपर्कावर कॉन्टॅक्टरच्या कॉइलसाठी २४० व्होल्ट आलेले असतील. ते तसेच कंट्रोल बोर्डाच्या टर्मिनलवर गेले तर बोर्ड त्याच क्षणी जळेल. शंका असेल तर मध्ये एक छोटा रिले टाकावा आणि बोर्डाकडे फक्त त्याचा मोकळा संपर्क न्यावा.

तशी टर्मिनल नसतील तर दुसरा मार्ग आहे. टायमरने हीटरच्या दोन्ही कॉन्टॅक्टरच्या कॉइलची वाट तोडावी आणि त्याच वेळी एक ऑफ-डिले रिले सुरू व्हावा, जो पुरवठ्याचा मोठा कॉन्टॅक्टर आणखी दहा मिनिटे धरून ठेवील. याने पुरवठा रात्री पूर्ण बंदही होतो आणि पंख्याला निवायला वेळही मिळतो. कटआउटचा संपर्क कॉइलच्या वाटेत जसा आहे तसाच एकसर राहिला पाहिजे, नवी जोडणी त्याला वळसा घालून जाता कामा नये.

बिलाबद्दल व्यवस्थापनाला एवढेच सांगावे की बिल हीटरचे येते. बंद अवस्थेतला कंट्रोल बोर्ड काही वॉटच घेतो. उलट दार उघडे नसतानाही हीटर पूर्ण टप्प्यावर चालत असेल, तर बचत तिथे आहे. दाराचा स्विच जोडून दार बंद झाल्यावर हीटर अर्ध्या टप्प्यावर आणि पंखा कमी वेगावर आणता येतो.

मँचेस्टरवासी

एक पुस्ती जोडतो. शिमल्यात बर्फाच्या दिवसांत वीज गेली की ही सगळी व्यवस्था निरुपयोगी ठरते, कारण पंखा मधेच थांबतो आणि कटआउट उडू शकतो. जनरेटर काही सेकंदांत भार उचलून पंखा फिरवत असेल तर सहसा काही होत नाही. जनरेटरवर कर्टनचा हीटर घेतलेला नसेल, तरी पंख्याची फेज तरी घेता येते का ते पाहावे. वीज गेल्यानंतर बटण बाहेर आलेले सापडले तर ते दाबून नोंदवहीत तारीख-वेळ लिहून ठेवावी. वीज गेलेली नसताना, चालत्या यंत्रात बटण बाहेर आले, तर ते पुन्हा पुन्हा दाबत न बसता हीटर बंद ठेवावा आणि पंखा, त्याचा कपॅसिटर व जाळी यांपासून तपासणी सुरू करावी.

सांगलीकर_शिमल्यात

मुख्य यंत्राच्या बोर्डावर तशी दोन टर्मिनल मिळाली. आकृतीत ती कोरड्या संपर्कासाठीच असल्याचे दिलेले आहे आणि सध्या त्यांवर तारेचा एक तुकडा टाकलेला आहे. रिले मागवला आहे. टायमरची जोडणी आधी आणि आयसोलेटर नंतर, या क्रमाने काम करून घेतो. आयसोलेटर उघडून पाहिला, वायचा स्क्रू हाताने फिरत होता आणि लगखालचे प्लास्टिक तपकिरी होऊन ठिसूळ झाले होते. उजव्या यंत्राचा आयसोलेटरही त्याच वेळी बसवलेला आहे, त्यामुळे त्याचेही झाकण या कामातच उघडून घेणार आहे.